पात्र ठोकळ्यासारखं वाटतंय? आधी त्याला चार माणसांसमोर उभं करा

खानापूर तालुक्यातल्या एका तरुण शिक्षकाने विचारलं आहे: "सीमाभागावर कादंबरी लिहितोय. अकरा प्रकरणं झाली. तिघांना वाचायला दिली, तिघांनीही तेच सांगितलं. विषय जोरदार आहे, पण माणसं लक्षात राहत नाहीत. मी तर प्रत्येक पात्राची वही केली आहे. जन्मतारीख, उंची, आवडता रंग, लहानपणी काय झालं, सगळं त्यात आहे. तरी पात्रं ठोकळ्यासारखी का वाटतात?" सोबत पहिली दोन प्रकरणं पाठवली आहेत.

दोन्ही वाचली. लिहिता येतं तुम्हाला, यात शंका नाही. पावसातली जांबोटीची वाट मला दिसली, छत्री उलटी झालेला तो पोस्टमनही दिसला. दिसला नाही तो तुमचा नायक. विनायक पहिल्या पानावर आईशी बोलतो, चौथ्यावर मुख्याध्यापकांशी, नवव्यावर फौजदाराशी, आणि तिन्ही ठिकाणी त्याचा आवाज एकच. वाक्य पूर्ण, मराठी शुद्ध, मत ठाम. आईला तो म्हणतो, "आई, मातृभाषेसाठी प्रत्येकाने काही ना काही त्याग करायलाच हवा." अहो, ती बाई चुलीपुढे भाकऱ्या भाजत बसली आहे. उलथणं फेकून मारेल.

यात तुम्ही एकटे नाही. माझ्या पहिल्या कादंबरीचा नायकही असाच होता. पुस्तक छापून आलं, घरी वाचलं गेलं आणि बायकोने एवढंच विचारलं, "हा जेवतो कधी?" मला फार राग आला होता. आठवडाभराने पुस्तक पुन्हा चाळलं तेव्हा कळलं की 240 पानांत तो खरंच कुठे जेवलेला नाही. भाषणं मात्र सात ठिकाणी केली आहेत.

आपल्या भागातला माणूस दुपारच्या जेवणाआधी तीन-चारदा बदलतो. घरात "आई, डबा झाला काय?" बसमध्ये कंडक्टरशी कन्नडमधून सुट्या पैशांवरून हुज्जत. नाडकचेरीच्या, म्हणजे महसुली कचेरीच्या, खिडकीपुढे उभा राहिला की "हौद्री, हौद्री" सुरू होतं आणि मान आपोआप जरा खाली जाते. तिथून सुटून चहाच्या गाड्यावर मित्रांत आला की त्याच साहेबाची नक्कल करून सगळ्यांना हसवतो. यातला खरा कोणता? चौघेही खरे. एकाचा दुसरा होताना मधे जे घडतं, तिथे पात्र सापडतं. पुण्यातल्या लेखकाला हा बदल नजरेतून, कपड्यांतून, गप्प बसण्यातून दाखवत बसावं लागतं. आपल्याकडे तो चक्क कानाला ऐकू येतो, कारण माणूस भाषाच बदलतो. एवढं हत्यार फुकटात हाताशी आलंय, आणि तुम्ही ते माळ्यावर टाकून दिलंय.

तर असं करा. विनायकला 20,000 रुपये हवे आहेत असं धरा. कशासाठी, ते नंतर बघू. हे पैसे त्याला चार जणांकडे मागायला लावा: वडील, दाजी, बसवराज नावाचा वर्गमित्र आणि सोसायटीचा सचिव. प्रत्येकी एक पान. 'पैसे' हा शब्द जितका कमी येईल तितकं बरं. दाजींचं पान मी तुम्हाला न विचारता करून बघितलं:

विनायक अर्धा तास बसला. पावसाचं झालं, उसाच्या लागणीचं झालं, अक्काच्या गुडघ्याचं झालं. चहा दोनदा झाला. उठून पायात चप्पल सरकवताना तो म्हणाला, "दाजी, कारखान्याचं बिल जमा झालं काय हो तुमचं?"
दाजींनी पंचाला हात पुसले. "झालं की. अर्धं." मग एकदा आत स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज खाली घेतला. "किती?"

बघा, यात विनायकचं एकही मत नाही. पण तो मानी आहे, बहिणीच्या घरी हात पसरणं त्याला जड जातं, आणि हे दाजींना त्याच्या आधीपासून ठाऊक आहे, एवढं सगळं आलं. शिवाय दाजींनी आत बघितलं. म्हणजे हे अक्काला कळू द्यायचं नाही. एका नजरेसरशी दाजी नात्यातून सुटून माणूस झाले. आता मलाच उत्सुकता आहे की ते अक्कापासून आणखी काय काय लपवतात.

बसवराजचा प्रसंग याहून वेगळा होईल. माझा अंदाज असा की विनायक त्याच्याकडे पैसे कन्नडमध्ये मागेल. एरवी दोघं मराठीत बोलतात, बसवराजला मराठी छान येतं. पण एवढं एक वाक्य विनायक कन्नडमधून उरकेल, कारण मराठीत मागायची त्याला लाज वाटते. परक्या भाषेत लाज कमी लागते, हे आपल्याकडच्या प्रत्येकाने कधी ना कधी अनुभवलेलं आहे. सकाळी भाषेच्या मोर्चात पुढे चालणारा माणूस रात्री त्याच दुसऱ्या भाषेच्या आडोशाला उभा राहतो. हे विनायकच्या लक्षात येऊ देऊ नका. आलं की तो लगेच त्यावर विचार करू लागेल आणि तुमच्या हातात पुन्हा भाषण पडेल.

आता पैसे कशासाठी? हे ठरवताना पात्राला जरा अडचणीत टाका. तुमच्या वहीत विनायकचा आवडता रंग निळा लिहिला असेल, त्याने कुणाची झोप उडत नाही. पण समजा, विनायक सरकारी मराठी शाळेत शिक्षक आहे, दर वर्षी शाळा उघडायच्या आधी गल्लोगल्ली फिरून "मुलांना आपल्याच शाळेत घाला" म्हणून पालकांना विनवतो, आणि स्वतःच्या चार वर्षांच्या मुलीसाठी इंग्रजी शाळेचा फॉर्म त्याच्या कपाटात, कपड्यांच्या घडीखाली आहे. 20,000 त्या प्रवेशाचे. आता वडिलांकडे का मागता येत नाहीत ते सांगावं लागत नाही. वडील चळवळीतले जुने. आता तो पालकांच्या दारात उभा राहून तेच वाक्य म्हणतो तेव्हा मी श्वास रोखून वाचेन, कारण कपाटातला कागद मला माहीत आहे. ही गोष्ट आपल्याकडे घरटी ठाऊक आहे आणि लिहीत कुणी नाही. विनायकला ढोंगी ठरवू नका हं. मुलीवर त्याचं प्रेम आहे, शाळेवरही आहे. दोन्ही खरं असणं, हीच त्याची अडचण.

वही अगदीच वाया नाही. तिसऱ्या प्रकरणात डाव्या हाताने लिहिणारा नवव्यात उजव्याने लिहू नये, एवढ्यापुरती ती ठेवा. पण तिच्यात आणखी दोन गोष्टी लिहा: या माणसाकडे पैसा कुठून येतो, आणि तो कुणासमोर खोटं बोलतो. माझा अनुभव असा की या दोनांची उत्तरं मिळाली की रंग-उंची कुणी विचारत नाही.

पैसा कुठून येतो म्हणजे हात काय करतात. तुमच्या दुसऱ्या प्रकरणात एक 'गरीब विधवा' येते, निपाणीची, "विडी कामगार म्हणून राबणारी". राबणारी म्हणजे काय, ते दिसत नाही. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, बोलता बोलता बोटं आपोआप चाललेली, हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय दिवस संपत नाही. त्या घेऊन ती गेली की तपासणारा मुठीने विड्या उचलतो आणि छाट काढतो. सैल वळलेल्या, तुटक्या, त्याच्या नजरेला न पटलेल्या विड्या बाजूला. छाटीचे पैसे नाहीत. आता तिला त्या जागी उभी करा आणि बघा काय करते. भांडते? हात जोडते? पुढच्या बाईची छाट कमी निघावी म्हणून मधे बोलते, की आपल्यापेक्षा तिची जास्त निघाली याचं तिला बरं वाटतं? हे शेवटचं जर तिला वाटलं, आणि वाटल्याबद्दल घरी जाताना तिने त्या बाईला उगाच चहाला बोलावलं, तर ती 'गरीब विधवा' राहत नाही. बेळगावातल्या वडगावच्या मागावर काम करणारा माणूस घेतलात तरी तेच. त्याला धोटा, कांडी, तुटलेला धागा सांधणं हे येऊ द्या. दिवसभर त्या खडखडाटात राहून तो घरीही मोठ्याने बोलतो आणि बायको सारखी "हळू की" म्हणते, एवढं येऊ द्या. जाऊन बघा मात्र. दोन दुपारी कुठल्यातरी मागाजवळ बसून काढा. ऐकीव माहितीवर लिहिलेलं काम वाचकाला लगेच कळतं.

खोटं बोलण्याचं एक उदाहरण सांगतो, माझ्या नोकरीतलं. मी 31 वर्षं बँकेत होतो, त्यातली बरीचशी काउंटरवर. एक म्हातारी दर महिन्याला पेन्शन काढायला यायची, मुलगा सोबत. स्लिप मी भरायचो, ती अंगठा द्यायची. अंगठा देऊन झाला की निळी शाई पुसायला ती पदर वापरायची नाही, भिंतीला पुसायची. काउंटरच्या कडेला तिच्या अंगठ्याचे डाग होते. एकदा ती एकटी आली. स्लिप पुढे सरकवून हळूच म्हणाली, "साहेब, सही चालती काय?" मला समजेना. ती म्हणाली, "शिकलीय मी. नातीकडनं." आणि कोऱ्या कागदावर तिने नाव लिहून दाखवलं, वरची रेघ शेवटी, एका दमात ओढली. मी नियमाप्रमाणे सांगितलं की खात्यावर अंगठा आहे, सही करायची तर अर्ज लागेल, फोटो लागतील, नवीन कार्ड भरावं लागेल. तिने विचारलं, "पोराला घेऊन यावं लागंल?" मी म्हटलं, आणा की, बरं पडेल. ती जरा वेळ थांबली. "मग र्‍हाऊ दे," म्हणाली आणि अंगठा पुढे केला. पुढच्या महिन्यात मुलासोबत आली तेव्हा मी ओळखीचं हसलो. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मुलाला घेऊन यायची गरजच नव्हती. सवयीने बोलून गेलो मी. ती चूक वीसेक वर्षं माझ्याजवळ आहे आणि तिच्यातूनच माझ्या तिसऱ्या कादंबरीतली आजी आली. तिचं गाव, जात, नवरा, सगळं मी बनवलेलं आहे. खऱ्या बाईचं काहीच मला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं एवढंच, की हिला लिहिता येतं हे हिच्या मुलाला कळलेलं चालत नाही. का चालत नाही, हे शोधण्यात माझी तीन वर्षं गेली. तीच कादंबरी.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 साली केंब्रिजच्या व्याख्यानांत सपाट आणि गोल पात्रांचा भेद मांडला. आपल्याकडे तो परीक्षेला पाठ करतात आणि कसोटी विसरतात. कसोटी अशी की गोल पात्र वाचकाला चकित करतं, पण पटेल अशा रीतीने. यातलं 'चकित' तुम्हाला जमतं: आठव्या पानावर तुमचे शांत मुख्याध्यापक अचानक टेबलावर पेपरवेट आपटतात. 'पटेल' जमलेलं नाही, कारण त्याआधी त्यांच्या आत काही साचताना दिसत नाही. त्यांनी त्या दुपारी तीन वेळा एकच फाईल उघडून मिटली असती तरी पुरलं असतं.

आता तुमचा अधिकारी. तो कन्नड आहे, उर्मट आहे, मराठी माणसाचा द्वेष करतो आणि पान खाऊन पिचकारी टाकतो. एवढा सोपा शत्रू तुम्ही निवडलात की विनायकला हरायलासुद्धा मजा येणार नाही. मला वाटतं, हा माणूस मुळात बेळगावचा नसावा. मंड्याकडचा किंवा मंगळूरकडचा असेल, बदलीवर आलेला. इथली कन्नडसुद्धा त्याला धड झेपत नाही, कारण ती आपल्या तोंडी मराठीत कालवलेली असते. बायको-मुलं तिकडे, हा इथे खोली घेऊन एकटा राहतो, रोज खाणावळीची भाकरी खाऊन वैतागलेला. विनायक मराठीत लिहिलेलं निवेदन घेऊन जातो आणि संविधानाचं कलम 350 ऐकवतो: राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क. अधिकारी निवेदन घेतो, शिक्का मारतो, पोच देतो, आणि शांतपणे विचारतो, "घेतलं. वाचणार कोण?" त्याच्या कचेरीत खरंच वाचणारं कुणी नाही. शेवटी विनायकलाच खुर्ची ओढून बसून आपलं निवेदन त्याला कन्नडमध्ये समजावून सांगावं लागतं, आणि अडलेल्या शब्दाला तो अधिकारीच मदत करतो. या प्रसंगात पिचकारीची गरज नाही. दोघांनाही घरी गेल्यावर झोप लागणार नाही.

आजोबांबद्दल. तुमच्या कथेचं वर्तमान 2022 आहे आणि 1956 साली आजोबा वीस वर्षांचे होते असं तेच सांगतात. म्हणजे आता ते 86 वर्षांचे. मग दुसऱ्या प्रकरणात हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावरून चालत ते शहरात येतात कसे? सीमाभागावर लिहिताना सगळ्यांकडून ही चूक होते. आपण तारखांच्या प्रेमात असतो. 17 जानेवारी 1956 चा गोळीबार, 1 नोव्हेंबरची राज्यपुनर्रचना, 1986 चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन, 2004 चा सर्वोच्च न्यायालयातला दावा, 2014 ला बदललेलं शहराचं नाव: प्रत्येक पात्राला यातली निदान एक तारीख तोंडपाठ हवी असं आपल्याला वाटतं. खऱ्या घरात तसं नसतं. विनायकच्या आईचंच घ्या. तिचं माहेर चंदगड तालुक्यातलं, म्हणजे महाराष्ट्रातलं, बसने तासाभराचं. ती इकडे नांदायला आली तेव्हा सीमा तिला कधी दिसलीच नाही. मग एका दिवाळीला भावाने बोलावणं पाठवलं नाही, शेताच्या वाटणीवरून. त्या वर्षापासून तिच्यासाठी पलीकडचं राज्य परकं झालं. घरात पुरुष सीमाप्रश्नावर बोलत असताना ती गप्प असते आणि सगळ्यांना वाटतं तिला त्यातलं कळत नाही. तिची तारीख वेगळी आहे, एवढंच. ही बाई तुमच्या कादंबरीत आत्ता फक्त भाकऱ्या भाजते. माझ्या हातात असती तर मी तिला निम्मी पानं दिली असती.

बोलीबद्दल थोडं. प्रत्येक वाक्याला 'की' लावलात तर बेळगावचं पात्र होत नाही, बेळगावची नक्कल होते. एका पात्राला एखाद-दुसरी लकब पुरे, आणि तीही चिडल्यावर किंवा लाडात आल्यावर वाढणारी. कन्नड वाक्यं देताना लगोलग कंसात अर्थ देऊ नका. उत्तरातून कळू द्या. "ऊटा आतेन?" शेजारच्या गौरव्वाने कुंपणावरून विचारलं. "आत्री, आत्ताच भाकरी खाल्ली," आई म्हणाली. यात कोल्हापूरच्या वाचकालाही काही अडत नाही, आणि दोन बायका दोन भाषांतून एकच गप्पा मारतात हे आपोआप दिसतं. दुय्यम पात्रांना यापेक्षा जास्त काही लागत नाही. तुमचा पोस्टमन उलट्या छत्रीवरच तरून गेला.

नावांवर फार वेळ घालवू नका. फक्त विनायक, विलास आणि विठ्ठल हे तिघं एकाच प्रकरणात आलेत, त्यातल्या दोघांची बारशी पुन्हा करा. मी दोनदा गोंधळलो.

आता लगेच अकराही प्रकरणं फाडायला घेऊ नका. ती बाजूला ठेवा. आधी 20,000 रुपयांची चार पानं लिहा, मग आईचं एक पान: दिवाळीचा दिवस, ती अंगणात रांगोळी काढतेय आणि माहेरकडची बस येऊन जाते. पाचही पानं कादंबरीत घालायची म्हणून लिहू नका, माणसं ओळखीची व्हावीत म्हणून लिहा. यातली कदाचित दोनच पुस्तकात टिकतील. ती झाली की पहिल्या प्रकरणातलं आईबरोबरचं संभाषण काढा आणि त्यातलं विनायकचं प्रत्येक वाक्य त्या आईला ऐकवून बघा. जे तिच्यासमोर त्याच्या तोंडून निघणार नाही, ते खोडा. माझ्या हिशेबाने तिथे तीन ओळी उरतील, त्यातली एक डब्याबद्दल.

सोसायटीच्या सचिवाचं पान झालं की मला पाठवा. तो प्रसंग मलाही अजून सुचलेला नाही. आणि आजोबांना तेवढं रिक्षात बसवा.